चुंबक चिकटत नाही

आमच्या सोसायटीत कुणाला कशातलं काही कळत नाही, हे मी सव्वीस वर्षं सांगते आहे. तेही कुणाला कळत नाही.

गेल्या मंगळवारी धाकू गच्चीवरच्या टाकीत पडला. धाकू म्हणजे आमच्या पाण्याच्या टाक्या धुणारा. इथलाच, कोपर गावातला, पन्नाशीचा काटक माणूस. दर तीन महिन्यांनी येतो, टाकी रिकामी करतो, आत उतरून तळ घासतो, ब्लीचिंग पावडर मारतो आणि वर येतो. या वेळी वर येताना टाकीतली स्टीलची शिडी वरच्या जोडातून सुटली आणि तो आठ फूट खाली सिमेंटच्या तळावर आला. उजव्या पायाची टाच फुटली. चौघांनी दोर लावून त्याला बाहेर काढलं, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. हे सगळं साडेदहापर्यंत उरकलं. अकरा वाजता सोसायटीच्या ग्रुपवर आमचा सेक्रेटरी विनीत याचा मेसेज आला.

"सर्व सभासदांना कळवण्यात येते की, टाकी साफ करणारा कामगार दारूच्या नशेत असल्यामुळे पाय घसरून पडला. सोसायटीची शिडी उत्तम प्रतीची, ३०४ ग्रेड स्टीलची आहे. कृपया अफवा पसरवू नयेत."

खाली सत्तावीस अंगठे.

मी पोळी तव्यावर तशीच ठेवून तो मेसेज दोनदा वाचला. बाहेरच्या खोलीतून आमच्या ह्यांचा, म्हणजे मधु टिपणीस यांचा, शांत आवाज आला, "उत्तरा, काहीतरी जळतंय." म्हटलं, मीच जळते आहे, तुम्ही पेपर वाचा.

धाकू पितो. खोटं कशाला बोलू? रविवारी पितो, आणि लग्नकार्य असलं की जरा जास्तच पितो. पण टाकीच्या दिवशी थेंब घेत नाही. मला ठाऊक आहे, कारण टाकीच्या दिवशी सकाळी आठ वाजता तो माझ्या दारात चहा पिऊनच वर जातो. त्या मंगळवारीही प्यायला. कप स्वतः विसळून ठेवला आणि म्हणाला, "म्याडम, बादल्या भरून ठेवा, दोनपर्यंत नलाला पानी येनार नाय." बिल्डिंगीतल्या कुणाला दोन बादल्या भरून ठेवायचं सुचलं नव्हतं, ते या नशेतल्या माणसाला सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको सगुणा आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. विनीतचा तो मेसेज गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला होता. धाकूकडे आमच्याशिवाय पाच बिल्डिंगींच्या टाक्या होत्या. पाचही जणांनी एका दिवसात निरोप धाडले की पाय बरा झाला तरी येऊ नको, आम्ही दुसरा बघितला आहे. "पाय जुलल ओ," सगुणा म्हणाली. "पन बेवरा म्हनून नाव झाला, ता कसा जुलल?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी शिधा-बिधा देऊ केला नाही, तिलाही तो नको होता. मी पायात चपला घातल्या आणि गच्चीवर गेले.

आता मी कोण, ते सांगते, कारण आमच्या बिल्डिंगीत तेही लोकांना सांगावं लागतं. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका धातू तपासणीच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढली. तुटलेला माल आमच्याकडे यायचा. बोल्ट, स्प्रिंगा, पंपाचे दांडे, एकदा तर जत्रेतल्या पाळण्याचा आकडा. हे का तुटलं ते सांगा म्हणायचे. आणि दर दुसऱ्या तुकड्याबरोबर एक चिठ्ठी असायची, 'ऑपरेटरची चूक'. तपासायच्या आधीच. मशीनवर काम करणारा माणूस सगळ्यांत स्वस्त, म्हणून खापर आधी त्याच्यावर. मग आम्ही तुकडा कापून बघायचो तर निम्म्या वेळा मालच भलता निघायचा. मागितलं एक, दिलं एक. त्या चिठ्ठ्या वाचून माझं रक्त आटलं आहे. निवृत्त होताना वाटलं होतं, सुटले बाई.

पण ह्या सोसायटीत टाइल्स कोणत्या, रंग कोणता, पंप कोणता, हे दुसऱ्या मजल्यावरचा इंटिरिअरवाला सांगतो. मी 'काकू'. मला भोंडल्याची खिरापत विचारतात.

शिडी विनीतने जिन्याखाली टाकायला सांगितली होती, पण अजून गच्चीवरच पडली होती. मी चष्मा पुसून जोडापाशी बघितलं. घसरल्याने शिडी तुटत नाही. पाइप पट्टीला जिथे वेल्ड केला होता, तिथून एक केसभर अंतरावर तो वेल्डच्या कडेकडेनेच फाटला होता. फाटलेली जागा आतून तांबूस-काळी, म्हणजे भेग कित्येक महिन्यांची जुनी. फक्त एका बाजूला बोटभर जागा चकचकीत होती. मंगळवारी तुटली ती तेवढीच. बाकीचा जोड त्याआधीच तुटलेला होता, धाकू त्या बोटभर तुकड्यावर वर-खाली करत होता.

वॉचमनकडून करवत घेऊन मी जोडाजवळचा वीतभर तुकडा कापून घेतला. कापडी पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेले.

लॅबमध्ये आता अंतरा सगळं बघते. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी, आता तिच्याच हाताखाली सहा जण आहेत. तिने तुकडा घासून सपाट केला, मशीनखाली धरला आणि चार ठिकाणी स्पार्क मारला. विजेची ठिणगी पडते, त्या उजेडावरून मशीन सांगतं की धातूत काय किती आहे. अर्ध्या मिनिटात आकडे आले आणि अंतराने माझ्याकडे न बघता स्क्रीन माझ्याकडे वळवली.

३०४ म्हणतात त्या स्टीलमध्ये अठरा टक्के क्रोमियम लागतं आणि आठ टक्के निकेल. आमच्या शिडीत क्रोमियम होतं तेरा. निकेल अर्धा टक्कासुद्धा धड नाही. त्याच्या जागी मँगनीज ठासून दहा टक्के. आणि कार्बन पाहिजे त्याच्या दुप्पट. निकेल महाग, मँगनीज स्वस्त, म्हणून हा माल बाजारात येतो. दिसायला तसाच लखलखीत. पण टाकीत ब्लीचिंग पावडर पडते, तिची वाफ पाण्याच्या वर, झाकणाखाली कोंडते, आणि हे असलं स्टील ती वाफ सोसू शकत नाही. त्यात कार्बन जास्त असला की वेल्डच्या कडेचं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि गंजाशी लढायला उरतच नाही. म्हणून भेग बरोबर तिथे, वेल्डच्या कडेला. वरच्या जोडाला. झाकणाखाली.

"मॅडम," अंतरा म्हणाली, "यांनी मॅग्नेट लावून घेतलं असणार."

आम्ही दोघी हसलो. चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील चांगलं, हे खूळ सगळीकडे आहे. निकेल घाला नाहीतर मँगनीज घाला, चुंबक दोन्हीला चिकटत नाही. त्याला काय कळतं? मी म्हटलं, कुठला तरी दीडशहाणा चुंबक घेऊन टाकीवर चढला असेल. अंतराने रिपोर्टवर सही-शिक्का दिला आणि मला वडा-पाव खाऊ घातला. परत येताना मी मनातल्या मनात विनीतचं पुरतं भजं केलं होतं.

रविवारी कमिटीची मीटिंग होती. चेअरमन बाळ प्रधान खुर्चीत होते, म्हणजे डोळे मिटून होते. बाकी सात-आठ जण. मी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि दहा मिनिटं बोलले. कोणी मधे बोललं नाही. मला वाटलं, पटतंय. मी म्हटलं, धाकू प्यायलेला नव्हता, तुमची शिडी बोगस होती. सोसायटीच्या लेटरहेडवर तसं पत्र द्या, सही-शिक्क्याचं, आणि ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज गेला तिथे हे पत्र टाका. त्या माणसाची पाच बिल्डिंगींची कामं गेली आहेत.

विनीत चाळिशीचा आहे, कॉम्प्युटरमध्ये आहे, वाईट मुलगा नाही. मला ते मान्य करायला त्रास होतो, पण नाही. त्याने माझा रिपोर्ट नीट वाचला. मग कपाटातून मिनिट्सचं रजिस्टर काढलं, दोन वर्षांमागचं पान उघडलं आणि म्हणाला, "काकू, मी वाचू की तुम्ही वाचता?"

मी म्हटलं, वाच.

त्याने वाचलं. "टाकीसाठी नवीन शिडी बसवण्यात आली. सभासद श्रीमती उत्तरा टिपणीस, निवृत्त धातुतज्ज्ञ, यांच्याकडून मालाची तपासणी करून घेतली. माल ३०४ असल्याचे त्यांनी सांगितले."

"मी कधी?" मी म्हटलं.

"काकू, गौरीच्या दिवशी. मी टाकीवर गेलेलो ना. तुम्हाला फोन केलेला."

आणि मला आठवलं. हात पुरणात होते. ह्यांनी फोन माझ्या कानाला धरला होता. विनीत म्हणत होता, काकू, शिडी आलीये, मॅग्नेट लावला, चिकटत नाही. तो मॅग्नेटसुद्धा कुठला, तर त्याच्या फ्रिजवरची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. पुरण गार होत होतं, चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी माझ्या विषयातलं विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, "चिकटत नाही ना? मग झालं."

फक्त एवढंच. आणि चुंबकाचं ते खूळ आमच्या बिल्डिंगीत आणलं कुणी? मीच. पंधरा वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला बायकांना मी तासभर शिकवलं होतं, नौपाड्यात भांडी घ्यायला जाल तेव्हा पर्समध्ये चुंबक ठेवा. तेव्हाच ते अर्धवट खरं होतं. मग बाजार बदलला, लॅबमध्ये मी रोज असला माल पकडत होते, पण घरी येऊन कुणाला ते सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. तो दीडशहाणा म्हणजे मीच की.

इतका वेळ मी ज्यांच्यावर डाफरत होते ते सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कुणी हसत नव्हतं.

बाळ प्रधानांनी डोळे उघडले. "मिटवून टाकू या," ते म्हणाले. "विनीत तो मेसेज डिलीट करेल. नवीन शिडी घेऊ, चांगली. टिपणीसबाईंचा रिपोर्ट बाईंकडेच राहू दे. कुणाचं नाव नको, कशाला उगाच." विनीतही म्हणाला, "हो काकू, तुमच्या नावाला कशाला धक्का? माझंही चुकलं, मी घाईत टाकला मेसेज. डिलीट करतो."

खरं सांगते, माझं मन तिकडे झुकलं. एकतीस वर्षं मी कुणाच्या धाकाने एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. माझा रिपोर्ट म्हटला की कारखान्याचे मालक गप्प बसायचे. ते सगळं एका पुरणाच्या दिवसापायी घालवायचं? मेसेज जाईल, शिडी येईल, लोक विसरतील. मी मूग गिळून बसले असते तर माझं काय बिघडत होतं? काही नाही.

बिघडत होतं ते धाकूचं. मेसेज पुसला म्हणून पाच बिल्डिंगींच्या डोक्यातलं पुसलं जात नाही. त्या विचारणार, शिडी चांगली होती तर तू पडलास कसा? त्याच्या हातात कागद पाहिजे होता, आणि कागदावर शिडी वाईट होती असं लिहायचं तर ती चांगली म्हणून घेतली कुणाच्या शब्दावर, हे कमिटीला लिहावंच लागणार होतं. त्याशिवाय प्रधान सही करणार नव्हते. त्यांनी तसं स्पष्टच सांगितलं.

"मग लिहा," मी म्हटलं.

"काकू, विचार करा," विनीत म्हणाला.

"तू लिही रे. मी सांगते तसं."

मी तीन वाक्यं सांगितली. पहिलं, शिडीचा माल निकृष्ट होता आणि जोड आधीपासून तडकलेला होता, रिपोर्ट सोबत. दुसरं, कामगार धाकू नशेत नव्हता, सोसायटीने केलेला आरोप चुकीचा आहे आणि सोसायटी दिलगीर आहे. ह्या दिलगिरीवर अर्धा तास वाद झाला. शब्द 'खेद' ठेवू म्हणाले, मग 'खंत' म्हणाले, कोणी तरी 'गैरसमज' काढला. मी म्हटलं, गैरसमज वगैरे काही नाही, खोटं बोललात, दिलगीर लिहा. तिसरं वाक्य माझं. सभासद उत्तरा टिपणीस यांनी योग्य तपासणी न करता हा माल चांगला असल्याचे सांगितले होते. हे मात्र विनीतने असं भराभर टाइप केलं की त्याची बोटं एवढी चालतात हे मला तोवर माहीत नव्हतं. दिलगीरला अर्धा तास आणि माझ्या नावाला अर्धं मिनिट. प्रधानांनी सहीसुद्धा हसतमुखाने केली.

पत्र ग्रुपवर गेलं. या वेळी अंगठे एकतीस आले. काहींनी मला हात जोडलेले पाठवले. दुसऱ्या मजल्यावरच्या इंटिरिअरवाल्याने लिहिलं, "होतं असं काकू." मला तो फोन खाडीत फेकून द्यावासा वाटला.

संध्याकाळी पत्राच्या पाच प्रती काढून मी धाकूकडे गेले. गावात, देवळाच्या मागे त्याचं घर आहे. तो ओटीवर पाय उशीवर ठेवून बसला होता, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. सगुणा कोळंबी सोलत होती. मला बघून तिने हात धुतले आणि खुर्ची आणली. मी प्रती तिच्या हातात दिल्या, सांगितलं, एकेका बिल्डिंगीत एकेक द्यायची, मी बरोबर येते. सगुणा म्हणाली, "वाचून दावा ना, काय लिवलंय."

मी वाचायला लागले. पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं, 'नशेत नव्हता' तिथे सगुणाने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, परत एकदा वाचा. परत वाचलं. मग तिसऱ्या वाक्यापाशी मी थांबले. मी म्हटलं, "धाकू, पुढे माझं आहे. ती शिडी चांगली आहे असं मी सांगितलं होतं. न बघता."

"मना म्हाईत हाय," धाकू म्हणाला.

"तुला कसं माहीत?"

"टाकी मीच खाली केलेली ना, शिडी लावायला. मी आतमधी उभा व्हतो. विनीत सायबाचा फोन मोठ्यान व्हता. तुमी म्हनलात, मंग झालं." त्याने पाय जरा सरकवला. "पयल्या साली बरी व्हती. औंदा हालायला लागली. वरती, झाकनाजवल. पाय ठेवला का कुरकुर करायची."

"अरे मग बोलायचं नाहीस का?" माझा आवाज चढला. आजारी माणसावर, त्याच्याच ओटीवर. "दर खेपेला माझ्या दारात चहा पितोस. माझ्यासमोर उभा असतोस. एक शब्द बोलला असतास तर त्याच दिवशी मी ती काढायला लावली असती."

धाकूला माझ्या ओरडण्याचं काही वाटलं नाही. तो समजावून सांगावं तसं म्हणाला, "तुमाला काय सांगनार म्याडम? तुमीच तं पास केलेली. मना वाटला, मनाच भ्या वाटतं. म्हनून चढत रायलो."

सगुणा आमच्या दोघांकडे बघत होती. पत्र माझ्या हातात होतं, तिसरं वाक्य अजून वाचायचं राहिलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. "चुकले रे मी, धाकू," मी म्हटलं. आयुष्यात हे वाक्य मी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही, आमच्या ह्यांनाही नाही.

मग मी डोळे पुसले आणि तिसरं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या नावासकट, मोठ्याने वाचलं.